आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

रविवारी दादा जे म्हणाला ते मला पटलेलं नाही. फोनवर हा विषय नीट होत नाही. बाबा "हो हो, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात, आई जेवलीस का विचारते आणि सगळं तिथेच मिटतं. म्हणून लिहायला बसले.

दादाचं म्हणणं असं की बाबांचं बँकेचं ॲप त्याच्या मोबाइलवर घ्यायचं, ओटीपी आला की बाबांनी तो त्याला कळवायचा, आईच्या फोनचं लोकेशन कायम चालू ठेवायचं आणि घरी आला की त्याने दोन्ही फोन उघडून बघायचे. त्याला काळजी वाटते, त्यात खोट नाही. पण बाबा, तुम्ही त्यावर म्हणालात, "करा काय करायचं ते. आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" मला तिथेच अडकल्यासारखं झालं.

पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी केलेल्या माणसाने हे म्हणावं? निविदांचे मोहोरबंद लखोटे तुमच्या टेबलावर पडलेले असायचे. त्यात कुणाचा गुन्हा दडलेला नसायचा. तरी ते कधी फोडायचे, कुणी फोडायचे आणि तेव्हा समोर कोण हजर हवं, हे ठरलेलं होतं, आणि त्यापायी तुम्ही साहेबांशीही वाकडं घेतलंत. मग स्वतःच्या बाबतीत एवढं सैल का?

हाच प्रश्न सुप्रीम कोर्टातही गेला होता. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. ('आता या वयात काय करायचंय' हे तुमचं आवडतं वाक्य त्यांच्यापुढे चाललं नसतं.) खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं राज्यघटनेत कुठे म्हटलंय, असा सरकारचा सवाल होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की आहे, कलम २१ मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच तो आहे. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचं. त्यांनी त्यात १९७६ चा आणीबाणीतला एक निकालही मोडीत काढला. अटकेतल्या माणसाला त्या काळात कोर्टाचं दार बंद, असं म्हणणाऱ्या त्या बहुमतात त्यांचे वडील, यशवंत चंद्रचूड, होते. मुलाने वडिलांना भर कोर्टात चुकीचं ठरवलं. आमच्या घरात मी जरा वेगळं बोलले की "पोरं फार शहाणी झाली" ऐकावं लागतं, म्हणून आपलं सांगून ठेवलं.

आणि पुढे काय झालं बघा. २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना भामट्यांनी व्हिडिओ कॉलवर खोटं सुप्रीम कोर्ट भरवून दाखवलं. सरन्यायाधीश म्हणून सोंग घेतलं होतं ते याच धनंजय चंद्रचूडांचं. ८२ वर्षांचे, आयुष्य व्यवहारात घातलेले उद्योगपती, आणि ७ कोटी रुपये गेले. त्यातले बरेच पोलिसांनी परत मिळवले, आणि ओसवालांनी झालेली गोष्ट स्वतः उघडपणे सांगितली. म्हणून 'साध्या माणसांना फसवतात, आपण काय भोळे आहोत का' हे मनातून काढा.

तुमच्या सकाळच्या कट्ट्यावरच्या काकांचंही तसंच झालं. ते तुम्ही मला सांगितलंत कितीतरी महिन्यांनी, तेही "कुणाला बोलू नकोस" असं बजावून. त्यांना फोन आला: तुमच्या नावाने मुंबईत पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमच्या आधारवर कुणीतरी सिम काढलंय. मग 'क्राइम ब्रँच', मग 'सीबीआय', खाकी कपडे, मागे अशोकस्तंभ, शिक्क्याचा कागद. कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, आणि एफडी मोडून 'तपासणीसाठी' पैसे सरकारी खात्यात वळवायचे. बँकेतल्या मुलीने एवढी मोठी रक्कम कशाला विचारलं, तर काकांनी पढवल्याप्रमाणे नातीचं लग्न सांगितलं. काकू स्वयंपाकघरात होत्या आणि त्यांना काही पत्ता नव्हता.

व्हिडिओ कॉलवर अटक करायची तरतूद आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. 'डिजिटल अरेस्ट' असं काही नसतंच. ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही तेच सांगितलं. पण मला जास्त खटकलं ते वेगळंच. त्या लोकांना काकांची पेन्शन कुठल्या बँकेत येते ते ठाऊक होतं, मुलगा कॅनडात आहे ते ठाऊक होतं, जुना पत्ता ठाऊक होता. एवढं सगळं अचूक सांगणारा माणूस खोटा असेल असं कुणाला वाटेल? हे त्यांना मिळालं कुठून, तर चोरी करायचीही गरज पडली नसेल. तुकड्यातुकड्याने आपणच वाटत असतो.

बाबा, तुमच्या अमृतमहोत्सवाचा फलक आठवतो? नाव, फोटो, जन्मतारीख. तो आत्याने फेसबुकवर टाकला, तिथून तो चार ग्रुपांवर गेला. आधारची जी पीडीएफ आपण उतरवून घेतो तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही फलकावर होतं. आणि ती पीडीएफ तुम्ही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवता, प्रिंट काढायला. तो भला माणूस आहे, पण त्याच्या मोबाइलमध्ये अख्ख्या पेठेची आधार कार्डं पडून असतील. तो मोबाइल उद्या दुरुस्तीला गेला तर?

यावर उपाय अगदी सोपा आहे आणि तो सरकारचाच आहे. आधारच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवता येतं. त्यात १२ पैकी फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात. लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, सभागृह आरक्षित करताना तेवढं पुरे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयाने 'झेरॉक्स वाटत सुटू नका' असं पत्रक काढलं होतं. लोकांचा गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतलं. मला विचाराल तर पत्रक बरोबर होतं.

अंगठ्याचं मात्र नीट वाचा. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर खेड्यापाड्यात पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. ज्यांना बँक लांब पडते त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. पण काही राज्यांत भामट्यांनी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे उचलले, त्यावरून रबरी बोटं बनवली आणि खाती साफ केली. आपल्याही वाटणीपत्रावर तुम्हा दोघांचे अंगठे आहेत. आधारच्या ॲपमध्ये 'बायोमेट्रिक लॉक' आहे. तो लावला की ठसा, डोळा, चेहरा, काहीच चालत नाही. फक्त नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढायच्या वेळी तो थोडा वेळ उघडावा लागेल. (आणि 'तुमचा हयातीचा दाखला फोनवर भरून देतो' असं म्हणणारा कुणीही असो, फोन ठेवून द्या. कोषागारवाले असे फोन करत नाहीत.) संचारसाथी नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एकदा बघून घेऊ.

आई, आता तुझ्याकडे येते. भिशीच्या ग्रुपवर येणाऱ्या लग्नपत्रिकांबद्दल. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असेल तर ठीक. फाइलच्या नावाला शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप आहे. ते बसलं की तुझे सगळे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, परस्पर वाचतं. ओळखीच्या नंबरावरून आली तरी हात लावू नकोस, कारण त्या बाईचाही फोन आधीच गेलेला असतो. वाहतूक दंडाच्या नावानेही हेच येतं. दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात तो देणंही बंधनकारक नाही. नंबराशिवाय बिल नाही असं अडवून धरू नका, हे केंद्राच्या ग्राहक खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. तू भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतेस, तिथे हे तुला जड नाही.

पण सगळ्यात जास्त मला खुपतो तो ताईच्या मुलीचा बायोडाटा. जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नक्षत्र, उंची, पगार, कंपनीचं नाव, वडिलांची शेती, घराचा पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि साडीतले तीन फोटो. किती वधू-वर ग्रुपांवर गेला याचा हिशेब कुणाकडे आहे? लग्न ठरल्यावरही तो फिरतच राहणार. तिला विचारलं होतं का कुणी? ती मला म्हणाली, मावशी, अनोळखी माणसं रात्री मेसेज करतात. आई, पहिल्या पानावर शिक्षण, गाव, एक फोटो आणि तुझा एकटीचा नंबर पुरे. बाकीचं समोरचं घर पसंत पडल्यावर द्यायचं. पूर्वी मध्यस्थ हेच करायचे की! पत्रिका त्यांच्या पिशवीत असायची आणि कुणाला दाखवायची ते त्यांना कळायचं.

आता दादाच्या बेताबद्दल. पहिलं म्हणजे तो कायद्यानेही अंगाशी येईल. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तसं परिपत्रक काढलं. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, मधल्याच कुणाची आहे आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपल्याला भुर्दंड नाही. पण ओटीपी, पासवर्ड आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. तो दुसरा पोटचा मुलगा असला तरी. दादाला मदतच करायची असेल तर एका खात्यावर त्याचं नाव संयुक्त म्हणून लावा, फॉर्म भरून, रीतसर. त्याच्या फोनवर त्याचे मेसेज येतील. यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात महिन्याच्या भाजी-किराण्यापुरते पैसे. पेन्शन आणि एफडीचं खातं कुठल्याही ॲपला जोडूच नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. काकांना त्या लोकांनी काय सांगितलं? कुणाला बोलू नका. आणि सगळं संपल्यावरही काका कुणाला बोलले नाहीत, कारण मुलगा काय म्हणेल याची धास्ती. दादा महिन्याच्या महिन्याला तुमचे फोन तपासायला लागला की तुम्हीही शाळकरी पोरांसारखे मेसेज पुसायला लागाल. मला ठाऊक आहे, बाबा, तुम्ही त्या आयुर्वेदिक गुडघ्याच्या तेलाचे पैसे कसे भरलेत ते आईलाही सांगितलेलं नाही. (आई, आता कळलं. राहू दे.) तेवढं तुमचं तुमच्याकडे असायलाच हवं. आईने मावशीशी फोनवर आमच्या सगळ्यांबद्दल काय बोलावं, तेही तिचं.

उलट भीती वाटली, लाज वाटली, की ती मात्र ताबडतोब सांगा. फोन चालू असतानाच आईला हाक मारा, तेवढ्यानेच निम्मी भामटेगिरी मोडते. पैसे गेलेच तर पहिला फोन मला किंवा दादाला नको, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला. मग बँकेला. जितकं लवकर कळवाल तितके ते पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त, आणि पहिले काही तास फार मोलाचे. आम्हाला संध्याकाळी सांगितलंत तरी चालेल. कुणी ओरडणार नाही. दादाकडून मी तसं कबूल करून घेतलंय.

हल्ली आवाजाचीही नक्कल करतात. माझ्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर तिला विचारा, लहानपणी मी दळणाच्या डब्यात काय लपवलं होतं. उत्तर इथे लिहीत नाही.

मी गणपतीला येतेय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी. तोवर बाबांनी आधारला जोडलेला जुना नंबर अजून चालू आहे का तेवढं बघून ठेवावं, नाहीतर लॉकही लागणार नाही आणि मास्क्डही उतरणार नाही. बंद असेल तर आधार केंद्रावर जावं लागेल, बरोबर मी येईन. खात्यांची यादी आणि नॉमिनी एका कागदावर लिहून गोदरेजच्या कपाटात ठेवा. पासवर्ड त्यात नकोत. आई, तू ताईशी बायोडाटाचं बोल. मी बोलले तर तिला राग येईल.

तुमची,
मनू