‘वीस सात’ वर्गात राहू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडल्या की कुणी ना कुणी पालक विचारतातच, “बाई, ते वीस एक, वीस दोन अजून शिकवतात का हो?” 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आले, तेव्हा त्याची थट्टाच फार झाली. विषय विधानसभेपर्यंत गेला. पुस्तक करणाऱ्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर कारणे समजावत राहिल्या, पण विनोद त्यांच्या पुढे धावले. मी तेव्हा दुसरीचाच वर्ग घेत होते. आता निवृत्त आहे, तरी तो वर्ग डोळ्यांपुढून जात नाही.

‘पंचवीस’ सांगितले की निम्मी मुले 52 लिहीत. त्यांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. कानावर ‘पंच’ आधी पडला, म्हणून त्यांनी पाच आधी लिहिला. आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात एकट्या दोनची रूपे पाहा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची सवय लागते न लागते, तोच 99 ला ‘नव्व्याण्णव’ येते. ज्या घरात दिवसभर हिशेब कानावर पडतो, तिथले मूल हे सहज उचलते. बाकीच्यांना जवळजवळ शंभर नावे सुटी-सुटी पाठ करावी लागतात.

आमचा भाग कर्नाटकाच्या सीमेवरचा, सोलापूर जिल्ह्यातला. पुष्कळ मुले घरी कन्नड बोलणारी. कन्नडमध्ये 27 म्हणजे ‘इप्पत्तेळु’, म्हणजे वीस आणि सात, याच क्रमाने. त्या मुलांना ‘वीस सात’ समजवावे लागलेच नाही.

शिकवण्याची रीत साधी होती. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करायचे. ‘वीस’ म्हणताना दोन गठ्ठे पुढे ठेवायचे, ‘सात’ म्हणताना सात सुट्ट्या काड्या, आणि मग पाटीवर 2 आणि 7. तोंड, हात आणि पाटी यांचा क्रम एकच. हे पक्के झाले की सांगायचे, याचेच दुसरे नाव सत्तावीस. खरा उपयोग वजाबाकीत कळला. पन्नास दोनमधून वीस सात काढायचे. दोन सुट्ट्या काड्यांतून सात जात नाहीत. मग मूल आपणहून एका गठ्ठ्याचे रबर काढते : चाळीस आणि बारा. ‘हातचा’ हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहीत असे.

भाषा बिघडेल ही भीती मला समजते. मी स्वतः पावकी-निमकीचे (पाव-अर्ध्याचे) पाढे म्हणत वाढले, ‘त्रेसष्ट’ हा शब्द मला आजही कानाला गोड लागतो. तो जाऊ नये असे मलाही वाटते. पण संख्येचे नाव संख्या कळल्यावर यावे. ‘वीस सात’ शिकलेली माझी मुले तिसरीत ‘सत्तावीस’च म्हणत होती.

आमच्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकांत आणलेल्या त्यांच्या क्यूआर कोडचा आम्हाला अभिमान आहे. मात्र नवोपक्रम म्हटला की पडदा आणि टॅबच हवा, ही समजूत मला खटकते. भेटीला आलेले साहेब टीव्हीचा फोटो काढून जात, काड्यांचे गठ्ठे कोपऱ्यात तसेच राहत.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञानाचे ध्येय ठेवले आहे. पुढची पाठ्यपुस्तके करणाऱ्यांनी ‘वीस सात’ हे संख्यावाचन काढू नये आणि प्रशिक्षणात ते काड्यांसकट करून दाखवावे, ही विनंती. पालकांकडेही एक मागणे आहे. मुलापुढे दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी ठेवून सत्तेचाळीस रुपये मागा. त्याने ‘चाळीस सात’ म्हणत चार नोटा आणि सात नाणी दिली, तर त्याला हसू नका.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सोलापूर