बाबा, ती मूर्ती पाहिली

नेपल्स, इटली
दसरा, गुरुवार रात्र

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

सोनं घ्या, सोन्यासारखे राहा. सकाळी फोन केला तेव्हा तुमच्याकडे आरती चालू होती आणि बाबांना माझं निम्मंसुद्धा ऐकू आलं नाही. "बरं बरं, जेवलीस का?" एवढं विचारून त्यांनी फोन आईकडे दिला. मला जे सांगायचं होतं ते बाबांनाच सांगायचं होतं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. अक्षर मोठं ठेवलंय, दादा छापून आणून देईल. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला अजून ताण द्यायचा नाहीये, तेव्हा आई, तूच वाचून दाखव.

बाबा, मी ती मूर्ती पाहिली. पाँपेईची.

मी सातवीत असताना आपण एस.टी.नं तेरला गेलो होतो, आठवतं? आईला गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं होतं आणि तुम्हाला मला लामतुरेंचं संग्रहालय दाखवायचं होतं. काचेच्या कपाटात ती हस्तिदंताची इवलीशी बाई होती. तुम्ही खाली वाकून माझ्या उंचीला आलात आणि म्हणालात, "हिची बहीण इटलीत आहे. ज्वालामुखीच्या राखेत सापडली." मी मान डोलावली, पण मला ते खरं वाटलं नव्हतं. पुढे पुण्यात शिकताना कुणी धाराशिवचं नाव काढलं की दुष्काळाशिवाय दुसरं काही बोलायचं नाही, तेव्हासुद्धा ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. मला वाटायचं, बाबा इतिहासाचे मास्तर, गावाच्या मायेपोटी थोडं वाढवून सांगत असतील. आज लिहिताना याचं फार वाईट वाटतंय. तुम्ही सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला.

म्युनिकहून इथे सोमवारी पोचले. नेपल्स हे नाव मूळ ग्रीक, नेआपोलिस. म्हणजे नवं शहर. त्या नव्या शहराला आता अडीच हजार वर्षं होऊन गेली, पण ग्रीकांनी आखलेले रस्ते अजून तसेच आहेत. त्यातला एक इतका लांब आणि सरळ आहे की त्याला स्पाक्कानापोली, म्हणजे नेपल्सला चिरणारा, असंच म्हणतात. दोन्हीकडे पाच-सहा मजली जुनी घरं, मधे हात पसरले तर भिंती लागतील अशा गल्ल्या, आणि डोक्यावर या घरातून त्या घरापर्यंत वाळत घातलेले कपडे. तळमजल्याला एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहतं. दार थेट रस्त्यावर उघडतं, म्हातारी दारात खुर्ची टाकून बसलेली असते आणि येणाराजाणारा तिच्याशी दोन शब्द बोलून पुढे जातो. आई, मला आपल्या जुन्या गल्लीतल्या ओसऱ्या आठवल्या. एका चौथ्या मजल्यावरच्या बाईनं दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, दुकानदारानं त्यात पाव आणि टोमॅटो ठेवले आणि टोपली वर गेली. गुडघे दुखणाऱ्या माणसांसाठी किती चांगली सोय! तुझ्यासाठी करता येईल का, असं तिथे उभी राहून खरंच मनात आलं.

मंगळवारी सकाळी संग्रहालयाच्या दारात पोचले तर ते मंगळवारी बंद. मग लोकल धरली आणि आधी पाँपेईला गेले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की आज तारीख ३० सप्टेंबर.

किल्लारीच्या भूकंपाला बरोबर बत्तीस वर्षं झाली. आई, त्या रात्री विसर्जनाहून आलो होतो आणि मी पायांवरचा गुलालही न धुता झोपले होते. पहाटे तीन छप्पन्नला तू मला उचलून अंगणात आणलंस एवढंच मला आठवतं. मग कित्येक दिवस आपण बाहेरच झोपलो. बाबा सास्तूरला मदतीला गेले होते. परत आले तेव्हा कुणाशी बोलले नाहीत, अंगणातल्या दगडावर बसून चपला धूत राहिले. खूप वेळ. तू दोनदा चहा गरम केलास.

पाँपेईत एक द्राक्षांची बाग आहे, तिला पळून जाणाऱ्यांची बाग म्हणतात. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा माणसं राखेत गाडली गेली. शरीरं मातीला मिळाली, पण भोवतीची राख घट्ट झाल्यामुळे त्यांच्या आकाराच्या पोकळ्या तशाच राहिल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली आणि त्या माणसांचे शेवटच्या क्षणाचे आकार हाती आले. त्या बागेत तेरा जण आहेत, त्यात लहान मुलंही आहेत. एक माणूस कोपरावर रेलून उठायला बघतोय. लोक फोटो काढत होते, मला काढवला नाही. बाजूला होऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि तुमच्या त्या चपला डोळ्यांपुढून हलेनात. बाबा, तुम्ही तिथे काय काय पाहिलंत हे मी कधी विचारलं नाही. तुम्हाला सांगावंसं वाटलं तर मला ऐकायचंय.

मान वर केली की समोर व्हेसुव्हियस दिसतो. १९४४ मध्ये तो शेवटचा फुटला. त्याच्या उतारावर आजही द्राक्षमळे आहेत, पायथ्याशी दाट वस्ती आहे.

पाँपेईच्या मुख्य रस्त्याला आज व्हिया देल्लाब्बोंदान्त्सा म्हणतात. फरसबंद रस्ता, मधे बैलगाडीच्या चाकोरीसारख्या खोल गेलेल्या चाकांच्या खुणा. त्याच रस्त्यावरच्या एका घराला 'भारतीय मूर्तीचं घर' असं नाव आहे. दार बंद होतं, आत जाता आलं नाही. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मैउरी यांना ती मूर्ती तिथे सापडली. त्या उंबऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही वर्गात फळ्यावर काढायचात तो नकाशा डोळ्यांसमोर आला: भडोच, पैठण, तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, नाव माहीत नसलेल्या त्या ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलेलं तुम्ही आमच्याकडून पाठ करून घेतलं होतं. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तिथला माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला येतो. तगर म्हणजे आपलं तेर. पुढची वाट मी इथल्या नकाशांवर बोट ठेवून पुरी केली. अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रातल्या इजिप्तच्या बंदरांना, तिथून वाळवंटातून नाईल नदीवर, नदीनं अलेक्झांड्रियाला, आणि तिथून पुन्हा जहाजानं पोझ्झुओलीला. पोझ्झुओली इथून अगदी जवळ आहे. रोमन काळात अलेक्झांड्रियाची जहाजं तिथे लागायची. इकडची गलबतं भारताकडे निघायची ती आपल्याकडे पाऊस आणणाऱ्या वाऱ्यावर. ज्या वाऱ्याची आपण जूनमध्ये आभाळाकडे बघत वाट पाहतो, त्याचीच वाट हे लोकही पाहत होते.

काल बुधवारी एकदाची ती दिसली.

वीतभर आहे, बाबा. चोवीस-पंचवीस सेंटिमीटर. एक पाय दुसऱ्यावर तिरका टाकून उभी, हात मागे केसांकडे नेलेला, दोन बाजूंना दोन छोट्या दासी प्रसाधनाची भांडी घेऊन. गळ्यात हार, कमरेला मेखला, पायात पोटरीपर्यंत तोडे. आणि हातात मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. नळदुर्गच्या बाजारात तांड्यावरच्या लमाण बाया यायच्या ना, तसा भरगच्च चुडा. मी त्या बांगड्या मोजायला लागले आणि दोनदा मधेच चुकले, कारण डोळे भरून आले होते. डोक्यातून आरपार भोक आहे, त्यामुळे ती एखाद्या चौरंगाचा किंवा आरशाचा भाग असावी असं म्हणतात. मैउरींनी तिला लक्ष्मी म्हटलं, आता बरेच जण यक्षी म्हणतात.

तुम्ही लगेच विचाराल, तेरचीच कशावरून? तळाशी खरोष्ठीत एक अक्षर कोरलेलं आहे. खरोष्ठी वायव्येकडची लिपी, त्यामुळे काही अभ्यासक तिचं नातं अफगाणिस्तानात बेग्रामला सापडलेल्या हस्तिदंतांशी लावतात. पण अशीच मूर्ती तेरला सापडली, भोकरदनला खंडित सापडली, आणि ठेवण, दागिने इतके जुळतात की ती दख्खनच्या कारागिरानं घडवली असावी हे मत मला पटतं. मी तेरची पाहिलेली आहे, म्हणून पटतं.

एक गोष्ट मात्र खटकली. संग्रहालयात एक 'गुप्त दालन' आहे. पाँपेईत सापडलेली कामशिल्पं, तसली चित्रं लोखंडी दरवाजाआड वेगळी ठेवलीत. एकेकाळी तिथे बायकांना प्रवेश नव्हता. १८४९ मध्ये तर दार भिंत घालून बुजवलं होतं, सगळ्यांना कायमचं खुलं झालं ते २००० मध्ये. आपली मूर्ती त्या दालनात आहे. तिच्या अंगावर वस्त्र नाही, नुसते दागिने आहेत, एवढ्यावरून. आपल्या माणकेश्वरच्या देवळाच्या भिंतींवर अशा किती सुंदरी आहेत! आई नैवेद्याचं ताट घेऊन त्यांच्या समोरून जाते, पोरं त्यांच्या पायाशी खेळतात, कुणाच्या मनात वावगं येत नाही. तिची जागा व्यापाराच्या वस्तूंत आहे, मसाले आणि मोत्यांच्या शेजारी, असं मी तिथल्या अभिप्रायाच्या वहीत लिहून आले. मराठीतही लिहिलं, खाली तेरचं नाव घातलं.

बाहेर पडल्यावर पाय गळून गेले होते. कोपऱ्यावरच्या दुकानात स्फोल्यातेल्ला नावाचा गोड पदार्थ घेतला, शिंपल्याच्या आकाराचा, गरम. आई, वरचं आवरण थेट चिरोट्याचं, पापुद्रे सुटलेलं. आणि आत काय असावं? शिजवलेला रवा! त्यात ताजं मऊ चीज आणि संत्र्याच्या सालीचा मुरांबा. सांजोरी खाल्ल्यासारखं वाटलं. भोपळ्याच्या फुलांची भजीही इथे मिळतात, तू परसातल्या वेलाची करायचीस तशीच, फक्त पीठ गव्हाचं. त्यात ओवा हवा होता.

आज दसरा म्हणून मुद्दाम सान ग्रेगोरिओ आर्मेनोच्या गल्लीत गेले. तिथे घरोघर मातीच्या बाहुल्या करतात, नाताळात येशूच्या जन्माचा देखावा मांडायला. एक म्हातारा कारागीर करंगळीएवढा हात घडवत होता. ओल्या मातीवर काडी टेकवून बोटांमधल्या फटी पाडायचा, फुंकर मारायचा, लांब धरून बघायचा. गोरोबाकाकांचं गाव आठवल्याशिवाय कसं राहील? तेरला सापडलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती दोन साच्यांच्या आहेत आणि ही पद्धत रोमकडून आली असं मानतात, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. हस्तिदंत इकडे आलं आणि साचा तिकडे गेला. मी त्या कारागिराकडून एक मातीची कुंभारीण घेतली, समोर घडा असलेली. आपल्या देवघराच्या कोनाड्यात बसेल एवढीच आहे.

डिसेंबरात तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. आपण तिघं तेरला जाऊ. आई, गाडी करू, एस.टी. नको. आधी गोरोबाकाकांचं दर्शन, मग संग्रहालय. बाबा, मला तेरच्या मूर्तीसमोर तुमच्या शेजारी उभं राहायचंय, इथले फोटो हातात घेऊन, एकेक दागिना जुळवून बघायला.

तोवर एक काम आहे. तुम्ही त्या मूर्तीचं निळ्या शाईनं चित्र काढलेली एक वही होती, पुठ्ठ्याचं कव्हर असलेली. माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत असेल. दादाला काढायला सांगा. तुम्ही स्टुलावर चढू नका.

तुमची,
सुमी