उपासाच्या आड दडलेला आजार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आलं की रील्समध्ये 'नऊ दिवसांत पोट आत' छापाच्या व्हिडिओंचा पूर येतो. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत मुलीनं उपास धरला की कौतुकच होतं, आणि तिथेच खाण्याचा आजार (ईटिंग डिसऑर्डर), म्हणजे वजनाच्या धास्तीनं जेवण टाळणं किंवा खाऊन उलटी काढणं, लपतो. आधी चतुर्थी, मग गुरुवार, मग सोमवारही. खरा फरक उपास सुटताना दिसतो. श्रद्धेनं उपास करणारी भुकेनं पानावर बसते. आजारी मुलगी तेव्हाही सबब शोधते. पोह्यांवरची शेव वेचून ताटलीच्या कडेला सारते, अर्धा तास तेच पोहे चमच्यानं पसरवत राहते, पण भावासाठी जिलेबी हौसेनं आणते.

वजनकाट्यावर विसंबू नका. खाऊन उलटी काढणाऱ्यांचं वजन बरेचदा नेहमीइतकंच असतं. जेवण झाल्या झाल्या बाथरूम गाठणं, कानांखाली गालांना सूज, बोटांच्या सांध्यांवर घट्टे, आतल्या बाजूनं झिजलेले दात, हे पाहा. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर आम्लानं मऊ पडलेलं दातांचं आवरण आणखी घासलं जातं. आधी नुसत्या पाण्यानं चुळा भराव्यात. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडतात, खरा धोका तो. तीन महिने पाळी नसेल, तर तपासणी लांबवू नका. उभं राहताच भोवळ येत असेल किंवा जागेपणी शांत बसल्यावर नाडी ५० च्या खाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि ईसीजी व रक्तातले क्षार तपासायला सांगा.

आणि कृपा करून, बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला मायेपोटी एकदम तुपातला शिरा भरवू नका. अन्न अचानक वाढलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्यानं खाली येतं. जीवही जाऊ शकतो. अशा वेळी डॉक्टर आधी थायमिन (जीवनसत्त्व ब-१) देतात, मग रक्त तपासत हळूहळू आहार वाढवतात.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. त्यांचं दुखणं 'सिक्स पॅक' आणि प्रोटीनच्या डब्यांच्या रूपात येतं, म्हणून ते व्यायामाची आवड वाटतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रोटीन पूरकं टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे.

फोन हिसकावून उपयोग नाही, मूल चोरून पाहतं. रीलला लाइक दिलं नाही तरी ती किती वेळ पाहिली याची नोंद होते. घाबरून थबकलेली नजरही आवड म्हणूनच मोजली जाते. मुलासोबत बसून इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधून सुचवलेला मजकूर रीसेट करा आणि वजन घटवण्याची खाती अनफॉलो करा. फॉलो केलेली खाती तशीच ठेवली तर चार दिवसांत सगळं पूर्ववत होतं. घरात 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्यही बंद व्हायला हवं. ते आपणच बोलतो, रील नव्हे.

आपल्याला एक कळकळीची विनंती. नवरात्राच्या पुरवणीत किती किलो घटले याचे आकडे आणि 'आधी-नंतर'ची छायाचित्रं छापू नका. त्या जागेत टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या. तिथे चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

आपले,
आहारतज्ज्ञ व समुपदेशकांचा एक गट, इंदूर