लेस्टरचा निकाल लंडनच्या मथळ्यातून कळत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांचे निकाल लागले की आपल्याकडे ठरावीक बातमी छापून येते. अमक्या पक्षाचा धुव्वा, तमक्याची मुसंडी, पंतप्रधानांना धक्का, आणि खाली चार पक्षांच्या देशभरातल्या जागा. बडोद्यातल्या वाचकाला एवढ्याने भागत नाही. इथल्या गुजराती आणि मराठी घरांतली किती तरी मुले-माणसे लेस्टर आणि त्याच्या आसपास राहतात. त्यांच्या गल्लीतला कचरा कोण उचलणार, रस्ता कोण दुरुस्त करणार, घराला माडी चढवायची परवानगी कोण देणार, हे त्या एका ओळीच्या मथळ्यातून कळत नाही. पुष्कळदा उलटेच कळते.

४ मे २०२३ चे मतदान पाहा. हुजूर पक्षाने त्या दिवशी इंग्लंडभरात हजाराहून अधिक जागा गमावल्या. मथळे तसेच आले आणि ते चूक नव्हते. पण त्याच दिवशी लेस्टर शहरात हुजूर पक्ष वर गेला. तिथल्या ५४ जागांपैकी २०१९ मध्ये ५३ मजूर पक्षाकडे आणि एक लिबरल डेमोक्रॅटांकडे होती. २०२३ मध्ये मजूर पक्ष ३१ वर उतरला, हुजूर पक्ष १७ वर पोचला, ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट यांना प्रत्येकी तीन जागा मिळाल्या. मजूर पक्षाने आपल्याच १९ विद्यमान नगरसेवकांना पुन्हा उमेदवारी नाकारली होती, हे ठाऊक नसेल तर या निकालाचा अर्थच लागत नाही. देशात वारा एका दिशेला आणि शहरात दुसऱ्या दिशेला, असे तिथे नेहमी घडते, आणि स्थानिक निवडणुकीची गंमत नव्हे, तिचे खरे मोल तिथेच आहे.

‘इतक्या जागा वाढल्या, इतक्या घटल्या’ हा आकडाही जपून घ्यावा लागतो. कशाच्या तुलनेत वाढल्या? लेस्टरमध्ये हुजूर पक्षाला २०१९ मध्ये एकही जागा नव्हती. पण ऑक्टोबर २०२२ च्या पोटनिवडणुकीत त्यांनी नॉर्थ इव्हिंग्टन वॉर्डाची जागा मजूर पक्षाकडून घेतली. म्हणजे परिषदेच्या मागच्या पूर्ण निवडणुकीशी ताडले तर वाढ एक, मतदानाच्या आदल्या दिवसाशी ताडले तर वाढ दुसरी. त्यात पक्षांतराची भर पडते. गुजरातेत स्थानिक संस्थांच्या सदस्यांनाही १९८६ चा पक्षांतरबंदी कायदा लागू आहे. इंग्लंडमध्ये नगरसेवकाने पक्ष बदलला तरी त्याची जागा जात नाही. त्यामुळे निवडून आले तेव्हाचे बलाबल चार वर्षांच्या अखेरीस तेच राहील याची खात्री नसते. प्रभागांच्या सीमा मध्येच बदलल्या असतील तर ‘वाढ’ आणि ‘घट’ हे शब्द निव्वळ अंदाजाचे होतात.

मागची निवडणूक कोणत्या वाऱ्यात झाली होती, हेही पाहायला हवे. १ मे २०२५ ला हुजूर पक्षाला ३१९ जागा मिळाल्या आणि ६७४ गेल्या. त्या जागा त्यांनी २०२१ मध्ये जिंकल्या होत्या, करोनाची लसमोहीम जोरात होती तेव्हा, म्हणजे त्यांच्या भरतीच्या काळात. शिवाय २०२५ मध्ये सरे, एसेक्स, नॉरफोक यांच्यासह नऊ परिषदांच्या निवडणुका फेररचनेसाठी पुढे ढकलल्या होत्या, आणि लंडनमध्ये त्या वर्षी मतदान नव्हतेच. म्हणून बीबीसी ‘सगळ्या देशात मतदान झाले असते तर’ असा अंदाजित मतवाटा काढते. त्या वर्षी तो रिफॉर्म यूके ३०, मजूर २०, लिबरल डेमोक्रॅट १७, हुजूर १५ आणि ग्रीन ११ टक्के असा होता. देशाचा कल सांगायचा तर जागांच्या बेरजेपेक्षा हा आकडा बरा, एवढे ज्या बातमीदाराला कळले त्याची अर्धी चूक टळली.

आता ज्याच्यावर सगळ्यांत जास्त घोटाळा होतो ते: एकाच नकाशावर किती परिषदा असतात. लेस्टर शहराची परिषद १९९७ पासून एकस्तरीय आहे. शाळा, रस्ते, कचरा, घरे, वृद्धांची देखभाल, सगळे तिच्याकडे. शहराची वेस ओलांडून ओडबीत गेलात की चित्र पालटते. तिथे खाली ओडबी अँड विग्स्टन ही बरो परिषद, वर लेस्टरशायर काऊंटी परिषद. घरोघरचा कचरा बरो उचलते, पण गोळा झालेल्या कचऱ्याची विल्हेवाट काऊंटी लावते. बांधकाम परवानगी, परिषदेची भाड्याची घरे, मतदारयादी आणि काऊन्सिल टॅक्सची वसुली बरोकडे; शाळा, रस्ते, ग्रंथालये, समाजसेवा काऊंटीकडे. टॅक्सचे बिल बरोच्या नावाने येते, पण त्यातला मोठा वाटा काऊंटीकडे जातो आणि काही भाग पोलीस व अग्निशमन दलाकडे. कर वाढला म्हणून बरोच्या नगरसेवकाला धारेवर धरणारे पुष्कळ असतात. वाढ बहुधा वरच्या मजल्यावर झालेली असते.

या दोन मजल्यांच्या निवडणुका वेगवेगळ्या वर्षी होतात आणि कौलही वेगळा मिळतो. ओडबी अँड विग्स्टनमध्ये १९९१ पासून लिबरल डेमोक्रॅटांची सत्ता आहे. त्याच मतदारांच्या काऊंटीत २०२५ मध्ये ५५ पैकी २५ जागा रिफॉर्म यूकेला, १५ हुजूर पक्षाला आणि ११ लिबरल डेमोक्रॅटांना मिळाल्या. २०२१ मध्ये हुजूर पक्षाच्या ४२ होत्या. आणि मध्ये वसलेल्या शहरात मजूर पक्ष. अर्ध्या तासाच्या बसप्रवासात तीन परिषदा आणि तीन पक्ष. अशा वेळी ‘लेस्टरमध्ये रिफॉर्म पक्षाची सरशी’ असे छापले तर वाचकाची सरळ दिशाभूल होते, कारण शहरात त्या दिवशी मतदानच नव्हते.

मतांच्या आकड्यांबाबत बडोदेकराला एक गोष्ट लवकर समजेल. आपल्या महापालिकेत १९ प्रभाग आहेत, प्रत्येकी चार जागा, एकूण ७६, आणि मतदाराला चार मते. लेस्टरमध्ये २१ वॉर्ड आहेत, कुठे दोन जागा, कुठे तीन. जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी वापरलीच पाहिजेत असे नाही. महिलांसाठी किंवा इतर कोणासाठी राखीव जागा तिथे नसतात, त्यामुळे सर्वाधिक मते मिळवणारे पहिले दोन किंवा तीन सरळ निवडून येतात. या पद्धतीत थोडी आघाडी असलेला पक्ष वॉर्डातल्या सगळ्या जागा घेऊन जातो. बडोद्यात २०२१ मध्ये भाजपला ७६ पैकी ६९ आणि काँग्रेसला सात, लेस्टरमध्ये २०१९ ला ५४ पैकी ५३, या दोन्ही आकड्यांमागे लोकप्रियतेइतकेच हे गणितही आहे.

टक्केवारी काढताना नेमके काय चुकते ते एका कल्पित वॉर्डावरून दाखवता येईल. जागा तीन. पहिल्या पक्षाच्या तिघांना १२००, ११५० आणि ११०० मते; दुसऱ्याच्या तिघांना १०००, ९५० आणि ९००; तिसऱ्या छोट्या पक्षाने एकच उमेदवार उभा केला, त्याला ६००. सगळी मते मिळवली तर बेरीज ६९०० होते आणि वाटा पडतो ५०, ४१.३ आणि ८.७ टक्के. आता प्रत्येक पक्षाचा सर्वांत पुढचा उमेदवारच धरा: बेरीज २८००, वाटा ४२.९, ३५.७ आणि २१.४ टक्के. मते तीच, मतदार तेच, पण छोटा पक्ष नऊ टक्क्यांवरून एकवीसवर गेला. पहिल्या पद्धतीत त्याने दोन उमेदवार न दिल्याची शिक्षा त्याला होते. दुसरी पद्धत अधिक न्याय्य आहे असे माझे मत आहे. पण कोणतीही वापरा, वापरली कोणती ते छापा. आणि ६९०० म्हणजे मतदान केलेल्या माणसांची संख्या असे तर कधीच लिहू नये. मतदान किती झाले ते दिलेल्या मतपत्रिकांवरून ठरते आणि परिषदेच्या निकालपत्रकात वेगळे दिलेले असते.

तिथे मतपत्रिका कागदी असते आणि उमेदवारांची नावे आडनावाच्या वर्णक्रमाने येतात. एकाच पक्षाच्या तिघांपैकी वर छापलेल्याला थोडी जास्त मते पडतात, हे पुन:पुन्हा दिसून आले आहे. म्हणून एखाद्या पक्षाचे दोन निवडून आले आणि तिसरा पडला, तर लगेच जातीपातीचा किंवा बंडखोरीचा अर्थ लावू नये. आधी आडनावे पाहावीत.

मतदान सकाळी ७ ते रात्री १० पर्यंत, बहुतेक मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. मोजणी दोन टप्प्यांत होते. पेट्यांतल्या मतपत्रिका आधी केंद्राच्या हिशेबाशी ताडून पाहतात. टपाली मतांवरची सही आणि जन्मतारीख तपासून तीही यात मिळवतात. मगच उमेदवारनिहाय मोजणी. एकाच पक्षाच्या तिघांनाही मत दिलेल्या पत्रिका गठ्ठ्यांनी भराभर मोजल्या जातात. एक मत इकडे, दोन तिकडे अशा मिश्र पत्रिका तक्त्यावर एकेक करून चढवाव्या लागतात आणि वेळ त्यातच जातो. फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरले जाते. जागांपेक्षा जास्त खुणा, मतदाराची ओळख पटवणारे लिखाण, कोरी पत्रिका, अधिकृत खुणेचा अभाव, अशी बाद मतांची वर्गवारी निकालपत्रकात असते. काही परिषदा रात्रीच मोजतात, पुष्कळशा शुक्रवारी दिवसा. त्यामुळे भारतात शुक्रवारी सकाळी दिसणारा ‘कल’ रात्री मोजणाऱ्या थोड्या परिषदांचाच असतो.

समान मते पडली तर चिठ्ठी. मुंबईत २०१७ मध्ये प्रभाग २२० चा निकाल चिठ्ठीने लागला हे मराठी वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलँड काऊंटी परिषदेत साऊथ ब्लाइथच्या जागेसाठी काड्या ओढाव्या लागल्या. हुजूर पक्षाची काडी आखूड निघाली, पक्ष ६७ पैकी ३३ वर थांबला आणि बहुमत एका जागेने हुकले.

बहुमत हुकल्यावर पुढे काय, हे तर आपल्याकडे छापूनच येत नाही. नेता निकालाच्या रात्री ठरत नाही. परिषदेच्या वार्षिक सभेत, सहसा मेच्या उत्तरार्धात ठरतो. लेस्टरशेजारच्या हारबरोत २०२३ मध्ये हुजूर पक्ष सर्वांत मोठा राहूनही सत्तेबाहेर गेला, कारण लिबरल डेमोक्रॅट, मजूर आणि ग्रीन एकत्र आले. उलट लेस्टरशायर काऊंटीत रिफॉर्म यूकेने बहुमत नसताना एकट्याने कारभार हाती घेतला. लेस्टर शहरात आणखी वेगळे: २०११ पासून तिथे थेट निवडून आलेला महापौर आहे, सर पीटर सोल्सबी, आणि कार्यकारी सत्ता त्यांच्याकडे आहे. तिथे लॉर्ड मेयरही असतो, पण ते पद मानाचे. बडोद्याशी नाते असलेली व्यक्ती लॉर्ड मेयर झाली तर अभिनंदन जरूर छापावे, पण शहराचा कारभार तिच्या हाती आला असे लिहू नये.

तेव्हा आपणांस विनंती अशी की देशपातळीची बातमी द्याच, पण तिच्यासोबत ज्या दोन-तीन भागांत आपल्या वाचकांचे आप्त आहेत त्यांची छोटी चौकट द्यावी. परिषद कोणत्या स्तराची, सगळ्या जागांसाठी मतदान होते की एक तृतीयांश जागांसाठी (तसे असेल तर सत्ता एका वर्षात सहसा पालटत नाही), मागचे बलाबल कोणत्या दिवसाचे, आणि दोन-तीन आठवड्यांनी नेता कोण झाला. ही सगळी माहिती परिषदांच्या संकेतस्थळांवर वॉर्डनिहाय असते.

शेवटी बडोद्याहून शिकायला गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी. इंग्लंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, तिथे मत देता येते, विद्यार्थ्यांनाही. नाव मात्र आपोआप नोंदले जात नाही. मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधीपर्यंत ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि खोली बदलली की पुन्हा करावी लागते. लेस्टर विद्यापीठाची मोठी वसतिगृहे ओडबीत आहेत. तिथे राहणाऱ्याचे मत शहराच्या महापौराला नसते, ते बरो आणि काऊंटीला असते. २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते. विद्यापीठाचे कार्ड चालत नाही, भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी फोटोवरून माणूस ओळखू आला म्हणजे झाले. नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करावी. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये असते, ते एकीकडे लिहून दुसरीकडे गाळल्यास केंद्रावर अडचण येऊ शकते. पासपोर्ट हाताशी नसेल तर मतदार प्रमाणपत्र मोफत मिळते, त्याचा अर्ज सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत करावा लागतो. द्विस्तरीय (बरो आणि काऊंटी अशा दोन परिषदा असलेल्या) भागांत एकच परिषद करण्याचा इरादा ब्रिटिश सरकारने डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केला आहे, म्हणून पुढच्या मतदानाची तारीख जुन्या चार वर्षांच्या हिशेबाने न धरता परिषदेकडूनच विचारून घ्यावी.

आपला नम्र,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे