मेस्त्रीकाका, उद्यमबागेतल्या फर्नेसवाल्यांचे मनापासून आभार

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात, तरी पाऊस लागला की बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्र्यांत, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्यांत, तुमचीच शिस्त चालते. त्याबद्दल हे जाहीर आभार.

विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीतला लोखंडाचा रस १४०० अंशांच्या वर असतो. ओल्या भंगाराबरोबर पाणी त्याखाली सापडलं, की क्षणात त्याची वाफ होते आणि ती सुमारे १७०० पट जागा मागते. मग रस उसळून थेट चार्जिंग करणाऱ्याच्या, म्हणजे भट्टीत माल टाकणाऱ्याच्या, अंगावर येतो. आपल्याकडच्या पावसात यार्डातलं स्क्रॅप सुकतच नाही, ताडपत्रीखालीही जमिनीची ओल चढते. म्हणून ते शेडमध्ये, जमिनीपासून उचलून रचायला आणि भट्टीत टाकण्याआधी तापवायला तुम्हीच लावलंत. बंद तोंडाचे पाइप, शॉक ॲब्सॉर्बर, चेपलेले डबे निवडून बाजूला, कारण आत पाणी नाहीतर तेल कोंडलेलं असतं. ते गॅस कटरने उघडायलाही तुमची सक्त मनाई, तापले की तिथेच फुटतात. माल सरळ भंगारवाल्याला परत. मळी काढायचा गज आणि नमुन्याचा चमचासुद्धा आधी शेकायचा, हे तर आता नव्या पोरांच्याही हाताला बसलंय.

भट्टीत वर माल अडकून रसावर पूल झाला, की गजाने ढोसायचा मोह होतोच. खाली मात्र रस बेसुमार तापत असतो, लायनिंग, म्हणजे भट्टीचं आतलं अस्तर, खात असतो, आणि लायनिंगमागे आतून पाणी वाहणारी कॉईल! आधी पॉवर बंद, माणसं मागे, मग भट्टी सावकाश कलती करून रस पुलाला लावायचा, हा क्रम तुम्ही घोकून घेतलात. रस कॉईलकडे सरकू लागला की वाजणारा अर्थ लीकेजचा अलार्म बायपास करू दिला नाहीत. हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाईट गेली, तरी वरच्या टाकीचं पाणी कॉईलमधून वाहतं ना, हे व्हॉल्व्ह उघडून पाहायला लावलंत.

सर्वांत मोठे आभार मात्र त्या पाटीचे. खानापूर, चंदगडकडून येणारी कंत्राटी पोरं कन्नड फलक वाचू शकत नव्हती. तुम्ही चार्जिंग प्लॅटफॉर्मवर कन्नडखाली मराठीत रंगवून घेतलंत: ‘ओलं दिसलं तर थांबवा. कुणालाही विचारू नका.’ हेल्परने हात वर केला की मेस्त्रीनेही थांबायचं, हे मालकांच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं, काका.

शेकआऊटच्या, म्हणजे वाळूच्या साच्यातून ओतीव माल झटकून काढतानाच्या, धुळीचं काम अजून अपुरं आहे. कोरडी झाडलोट आणि कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणं सुटत नाही. सिलिकोसिस हा या धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार १९४८ च्या कारखाने कायद्यापासून कळवणं बंधनकारक आहे, तरी वाळूची धूळ कुणाला भीतीदायक वाटत नाही. तुमचा शब्द इथेही हवा.

मृगाआधी एकदा शेडवर या. रस गळला तर ज्यात उतरतो तो भट्टीखालचा खड्डा कोरडा आहे का, ते तुम्हीच पाहा.

आपले,
उद्यमबागेतले फर्नेसवाले