येरेबातानच्या पहारेकरी काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि हे मराठी पत्र तुमच्यापर्यंत पोचेल असंही नाही. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इस्तंबूलमधला तो दिवस सकाळपासूनच बिनसला होता. सुलतानअहमत चौकात लेक निळ्या मशिदीचे मिनार बोटाने मोजत होती. सहाच्या सहा मोजायचे म्हणजे तिला वेळ लागणारच. आमच्या गाइडने सगळ्यांसमोर सुनावलं, "एवढ्या लहान मुलीला घेऊन यायचंच कशाला?" आणि ग्रुप पुढे काढला. नंतर एका हॉटेलात टेबलं रिकामी असताना नुसती बाबागाडी बघून आम्हाला दारातूनच परत पाठवलं. पैसे मोजून ही तुसडी वागणूक! अजून आठवलं की जीव तळमळतो.

मग आम्ही आपले आपणच तुमच्या येरेबातानच्या त्या भूमिगत जलाशयात उतरलो. जस्टिनियन बादशहाच्या काळातले, सहाव्या शतकातले ते ३३६ खांब बघून आम्ही दोघं थक्क झालो. साडेतीन वर्षांच्या पोरीला मात्र खाली नुसता काळोख आणि ठिबकणारं पाणी. मेडुसाच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या राक्षसीच्या, खांबाखालच्या दगडी मुंडक्यापाशी पोचलो आणि तिने भोकाड पसरलं. सगळा आवाज कमानींत घुमायला लागला, लोक वळून बघू लागले. तुम्ही आमच्याकडे यायला निघालात तेव्हा वाटलं, आता इथूनही बाहेर काढणार.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिच्यासमोर ओल्या फरशीवर गुडघा टेकलात आणि मान आडवी केलीत, पार कान खांद्याला लागेपर्यंत. ती हुंदके देत बघत राहिली. मग तुम्ही बोटाने ते मुंडकं दाखवलंत. तेही तसंच आडवं! जुन्या कुठल्यातरी इमारतीचा दगड खांबाची उंची जुळवायला तसा बसवला असावा, असं म्हणतात. तिला त्याचं काय? तिनेही मान आडवी केली. दुसरं मुंडकं उलटं आहे, तर तिथे तुम्ही कमरेत वाकून डोकं थेट खाली नेलंत. पिकल्या मिशांचा, युनिफॉर्म घातलेला माणूस, एवढ्या गर्दीत! आमची लेक खदखदून हसली, आणि मला रडू आवरेना.

निघताना बाबागाडीला हात लावून ती वरपर्यंत पोचवलीत, तेही विसरणार नाही. पण मनात घर करून राहिली आहे ती तुमची वाकडी मान. ते तुमचं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. एक लहान जीव घाबरलाय, एवढंच तुम्ही पाहिलंत.

नंतर तेच शहर आम्हाला वेगळं दिसायला लागलं. ट्रॅममध्ये कॉलेजची पोरं झटकन उठून जागा देत होती, सिमितवाल्याने (सिमित म्हणजे तीळ लावलेला गोल कड्यासारखा पाव) लेकीच्या हातात गरम तुकडा ठेवला, दुकानांच्या पायरीवर मांजरांसाठी पाण्याच्या वाट्या दिसल्या. सकाळच्या त्या दोघांवरून अख्ख्या इस्तंबूलला नावं ठेवत आम्ही परतलो असतो. ते तुमच्यामुळे टळलं.

कधी नाशिकला आलात तर आमच्याकडेच उतरा. पांडवलेणी मीच दाखवणार, असं लेकीने आत्ताच सांगून ठेवलंय. घरी सगळ्यांना आमचा नमस्कार सांगा.

तुमची ऋणी,
त्या मुलीची आई