मोठ्यांनी वाट्या बदलू नयेत

रविवारच्या पुरवणीतील मुलांच्या वाटून खाण्याविषयीचा लेख वाचला. चार वर्षांच्या मुलाला त्यात ‘आप्पलपोटे’ ठरवले आहे, ते पटले नाही. आपल्याला कमी मिळाले की या वयातही मूल भांडते. जास्त मिळालेले नाकारण्याची तयारी मात्र आठव्या वर्षाच्या आसपास दिसते, तीही सगळीकडे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील अभ्यासात ती फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडातील मोठ्या मुलांत आढळली.

रागावण्यापेक्षा यात्रेतून आणलेली गोडीशेव एका मुलाने दोन वाट्यांत घालावी, दुसऱ्याने आधी वाटी उचलावी. वाटणारा तुकडासुद्धा मोडून सारखा करतो. ‘तू मोठा ना, दे त्याला’ म्हणत आजीने वाट्या बदलल्या, की सगळे मुसळ केरात!

– एक वाचक, अमळनेर